माडबंदरची ओहोटी

अकरा मुलं, एक भिंग, एक बादली, तीन डझन संत्री आणि चोवीस चपला. बावीस मुलांच्या, दोन माझ्या. शिवाय शाळेचे शिपाई मारोतराव. ते समुद्राकडे पाठ करून वाळूवर बसले होते, कारण एवढं पाणी एकदम पाहिलं की त्यांना गरगरायचं. १९७९ च्या नाताळच्या सुट्टीत, सकाळी सव्वाआठ वाजता, माडबंदरच्या किनाऱ्यावर आमचं म्हणून जे होतं ते एवढंच.

आम्ही कोराडीहून आलो होतो, वीज केंद्राच्या कॉलनीतल्या शाळेतून. आमच्याकडे वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर दुपारपर्यंत राख बसते. या मुलांनी पाणी पाहिलं होतं ते तलावातलं आणि कालव्यातलं. म्हणून गोविंदाने पहिला प्रश्न विचारला, "बाई, हे पाणी कोण सोडून राहिलं?"

"चंद्र," मी म्हणाले. त्याने आभाळात पाहिलं, चंद्र दिसला नाही, आणि त्याचा माझ्यावरचा विश्वास थोडा कमी झाला.

ओहोटी होती. काळे खडक उघडे पडले होते आणि त्यांच्या खळग्यांत पाणी साठून छोटी छोटी डबकी झाली होती. त्या डबक्यांसाठीच मी मुख्याध्यापकांशी सहा महिने भांडले होते. बी.एस्सी.ला मी समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, पाहिलं होतं ते काचेच्या बरणीत... फॉर्मॅलिनमध्ये बुडालेलं, राखाडी, मिटलेलं. इथे ते हिरवं होतं. कडेला गुलाबी. सिंधूने बोट लावलं तसं ते मिटलं, आणि आम्ही बाराही जणं श्वास रोखून ते पुन्हा उघडायची वाट पाहत बसलो.

तेवढ्यात वरून आवाज आला.

"काहून चपला पाण्यात सोडल्या गा पोट्टेहो!"

आम्ही दचकलो ते चपलांमुळे नाही. नागपूरपासून इतक्या लांब, दोन दिवस प्रवास करून आल्यावर, आभाळातून कोणी 'काहून' म्हणेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मी वर पाहिलं. टेकडीवर दीपगृह, दीपगृहाच्या गच्चीवर एक माणूस, आणि त्याचा हात खाली दाखवत होता.

मुलांनी शाळेत वर्गाबाहेर ठेवतात तशा चपला ओळीत लावल्या होत्या. पाण्याच्या अगदी कडेला, आणि आता भरती लागली होती. मीही माझ्या त्याच ओळीच्या टोकाला ठेवल्या होत्या. भरतीचं सगळं गणित मला येत होतं... पण चपला दाराशीच काढायच्या, आणि दार कधी पुढे सरकत नाही, हे त्याहून जुनं शिक्षण होतं.

तो धावत खाली आला, गुडघाभर पाण्यात शिरला. सोळा चपला मिळाल्या. त्यांत माझी एक.

"ही तुमची?" त्याने विचारलं. पँट भिजलेली, केसांत मीठ. "दुसरी गेली. पन येईन. इथं गेलेली वस्तू दोन-चार दिवसांनी परत येते."

"तुम्ही कुठले?"

"कन्हानचा. कृष्णकांत लांजेवार." मग जरा थांबून, "दोन वर्षं झाली बाई, कोनी माझ्यासंग असं बोललं नाही. इथं मी 'काहून'च्या जागी 'का' म्हनतो. 'का' म्हटलं की पोट भरत नाही."

"आनि जेवून?" मारोतरावांनी पाठ न वळवता विचारलं.

"जेवनात खोबरं. भाजीत खोबरं, आमटीत खोबरं. दोन वर्षं झाली, जेवताना डोळ्यातून पानी नाही आलं."

माझ्या पिशवीत भिवापुरी मिरचीची पूड होती. मी ती काढून दिली.

"घ्या," मी म्हणाले. "रडा पोटभर."

तो हसला. मी भिंग पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटी पाऊण तास उशिरा होती. तोही पाऊण तास उशिरा आला, बरोबर. तिसऱ्या दिवशीही. मुलं त्याला भाऊ म्हणायला लागली. भाऊने तारामासा दाखवला, शंखात राहणारा खेकडा दाखवला, आणि खडकाला चिकटलेला शिंपला नखाने कसा काढायचा नाही, तेही.

"भाऊ, इकडे या," मीही एकदा बोलून गेले.

तो आला. पाण्यात पाहत हळूच म्हणाला, "पोट्टे भाऊ म्हनतात, ते ठीक आहे. तुम्ही... नका म्हनू."

"मग काय म्हणू?"

"ते तुम्ही ठरवा. सायन्सच्या बाई तुम्ही आहा."

संध्याकाळी त्याने सगळ्यांना दीपगृहावर नेलं. मी पायऱ्या मोजल्या, एकशे एकतीस. सिंधूच्या मते एकशे बत्तीस.

"खरं किती?" मी त्याला विचारलं.

"दोघींचं खरं. शेवटची शिडी आहे, पायरी नाही." आणि शिडीवर त्याने हात पुढे केला. मला हाताची गरज नव्हती. मी तो धरला.

वर भिंगांचा मोठा पिंजरा होता, माझ्याहून उंच. तो एकेक काच फडक्याने पुसत होता, मुलाचं तोंड पुसावं तसा. "हिच्यावर बोट उमटलं तर बारा मैलांवरच्या मानसाले कमी दिसते," तो म्हणाला. इंदूने ताबडतोब दोन्ही हात पाठीमागे नेले. मी त्याच्याकडे पाहत होते, काचेतून... काचेत तो उलटा दिसत होता आणि तरी चांगला दिसत होता.

चौथ्या दिवशी त्याने माझ्या हातात लिफाफा दिला.

"कोराडीच्या ऑफिसात देऊन द्याल? पेपरात जागा आल्या आहे, टर्बाइनवर. माझा डिप्लोमा आहे." तो वाळू पायाने सारखी करत होता. "कन्हान तिथून जवळ..."

मी लिफाफा घेतला. आनंद झाला, खोटं कशाला सांगू. कोराडीच्या बसस्टॉपवर तो उभा आहे, असं चित्र मला लगेच दिसलं. आणि मग चित्रातल्या त्याच्या केसांवर राख दिसली. तो ज्या काचा पुसतो त्या तिथे नव्हत्या. दिवसभर मी मुलांना नावं चुकीची सांगितली. लिफाफा नेला तर तो माझ्या गावी येणार होता, आणि त्याचं इथलं सगळं सुटणार होतं. नाही नेला तर कदाचित तो मलाच सुटणार होता.

पाचव्या दिवशी दुपारी आमची बस होती. भरती सुरू झालेली. मुलांनी एका डबक्यात खुणा केलेली काठी रोवली होती आणि सिंधू वहीत पाण्याची उंची लिहीत होती. मारोतराव त्यांच्याजवळ बसले. आज त्यांचं तोंड समुद्राकडे होतं.

"दोन मिनिटांत येते," मी म्हणाले आणि दीपगृहाच्या वाटेवर गेले. तो कठड्याशी उभा होता.

"हा घ्या," मी लिफाफा पुढे केला. "मी नेणार नाही."

त्याचा चेहरा उतरला. "जागा भरल्या का?"

"नाही."

"मंग काहून?"

"आधी तुम्ही सांगा. कोराडीला काहून येऊन राहिले?"

"कन्हान जवळ आहे."

"आणि?"

"मिरची मिळते."

"आणि?"

तो समुद्राकडे पाहू लागला. "आनि... सकाळी तुमच्याच बसमध्ये बसता येईन. रविवारी आईले घेऊन तुमच्या घरी येता येईन. तुमच्या घरचे चहा देतील का हाकलतील, ते पाहता येईन."

"मी तीन वर्षं बरणीतले जीव पाहिले," मी म्हणाले. माझा आवाज वर्गात असतो तसा नव्हता. "बरणीत सगळ्यांचा रंग सारखाच होतो. टर्बाइनवर तुमचाही होईल. मला तो नको आहे... मला हा पाहिजे."

त्याने लिफाफा घेतला आणि दुमडून खिशात घातला.

"इथल्या शाळेत विज्ञान कोण शिकवतं?"

"कोनीच नाही. जागा दोन वर्षांपासून रिकामी आहे. कोनी टिकत नाही इथं."

"तुमच्याकडे कोरा कागद आहे का? अर्ज मला करायचा आहे."

"येशील वं?" तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हनजे... याल का?"

"आधीचंच विचारा."

"येशील?"

"रविवारी आईंना घेऊन घरी या. बाबा चहा देतील, आधी जरा रागावतील. आणि इकडे परतीची तिकिटं दोन काढा, एक माझं."

त्याने माझा हात धरला. इथे शिडी नव्हती. मग आम्ही बोललो, क्वार्टरच्या दोन खोल्यांबद्दल, मिरची कुठे लावायची याबद्दल, त्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल, आणि बराच वेळ कशाबद्दलच नाही.

खाली आले तेव्हा सिंधूने न बोलता वही माझ्यापुढे धरली. तिचं अक्षर चांगलं आहे.

बाई 'दोन मिनिटांत येते' म्हणाल्या तेव्हा पाणी : ३ सेंमी.
बाई परत आल्या तेव्हा पाणी : २१ सेंमी.