हललं की पुसलं

कमी उजेडात शूटिंग करायचं म्हटलं की आमच्या उदगीरचे निम्मे कॅमेरावाले गेन, म्हणजे कॅमेऱ्यातला खोटा उजेड, वाढवतात आणि चित्रभर मुंग्या सोडतात. नवरी कोण, करवली कोण, काही पत्ता लागत नाही. मी तसलं काम करत नाही. माझ्याकडं साधाच हँडीकॅम आहे, पण त्यात एक सोय आहे, शटर मंद करता येतं. कॅमेरा स्टँडवर पक्का बसवायचा, फोकस हातानं लावायचा आणि शटर मंद. अंधाऱ्या खोलीतलं चित्र लख्ख येतं. अट एकच, समोरच्यानं हलायचं नाही. हललं की पुसलं, नुसता फराटा दिसतो. माणूस खोटं बोलेल, कॅमेरा बोलणार नाही, असं मी छाती ठोकून सांगायचो.

त्या दुष्काळात लग्नंच नव्हती. कॅमेरा पेटीत आणि मी घरात कावलेला. अशात सकाळी विरूपाक्षदाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, महानंदाताईचे यजमान. मोंढ्यात त्यांची आडत आहे.

"बसवंत, आई गेली पहाटं," दाजी म्हणाले. "धाकट्या शरणप्पाला मस्कतहून येणं जमंना. म्हणतोय, सगळं शूटिंग करून पाठवा, आईचं तोंड नीट दिसलं पाहिजे. कॅमेरा घेऊन ये."

दुसऱ्या कुणाचं मयत असतं तर मी गेलो नसतो. पण तिथं ताई होती. आमची आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो. ताईनं शाळा सोडून मला वाढवलं. मला दुसरं आहे तरी कोण?

बाहेर उदगीर जिल्ह्याच्या मागणीसाठी बंद होता. चौकात टायर जळत होतं, दुकानं मिटलेली. जिल्हा होईल तेव्हा होईल, आधी नळाला पाणी तर येऊ द्या, असं मी एकाला बोललो तर तो अंगावरच आला. त्याच्याशी हुज्जत घालतच दाजींच्या घरी पोचलो.

घर माळवदाचं. माजघराला खिडकी नाही, छताला एक सवणं, त्यातून पडेल तेवढाच उजेड. त्यात लोडशेडिंग, म्हणजे माझा हॅलोजन फुकट. आमच्या लिंगायतांत मयताला निजवत नाहीत, बसवतात. ताईच्या सासूला, बसम्माअत्यांना, भिंतीशी मांडी घालून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात शेवंतीचा हार, डाव्या तळहातावर इष्टलिंग. मान पडू नये म्हणून खांद्याखालून कापड घेऊन खुंटीला बांधलं होतं.

"ते कापड सोडा," दाजी म्हणाले. "शरणप्पाला बांधलेली आई दिसाया नको."

ताई लगेच पुढं झाली. सासूच्या बाजूला बसून तिनं मागून हात घातला, डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. "मी धरते की."

कोपऱ्यातली एक म्हातारी पुटपुटली, "उघड्या हातानं धरत नसतेत माय. मधी कापड पाहिजे."

"सात वर्सं अंथरुणावर होत्या, उघड्या हातानंच धरलंय," ताई म्हणाली. "आता काय होतंय?"

मी स्टँड लावला, स्क्रीन उघडली. मनात म्हटलं, मयताइतकं शहाणं गिऱ्हाईक मिळायचं नाही. हलायचा प्रश्नच मिटला.

चित्र छान आलं. समई लख्ख, भिंतीचे पोपडे लख्ख. टाळ वाजवणाऱ्यांचे हात तेवढे पुसले जात होते, ते साहजिकच. हाराची पाकळी न् पाकळी मोजून घ्यावी अशी. पण हाराच्या वर अत्यांचं तोंड नव्हतंच. ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसा पांढुरका फराटा.

मी फोकस पाहिला. स्टँडचे पाय दाबून पाहिले. काच पुसली. पुन्हा तेच. डोळ्यांनी बघावं तर अत्या भिंतीसारख्या निश्चल, आणि स्क्रीनवर त्यांचं तोंड थरथरत होतं.

ताई मात्र केसागणिक स्पष्ट दिसत होती. टाळाच्या ठेक्यावर ती मघापासून पुढंमागं डुलत होती, तरीही.

"ताई, जरा मान हलव."

"हलवायलेच की. काय झालं?"

समोर तिची मान हलली. स्क्रीनवर हलली नाही.

माझं डोकं फिरलं. जे हलतं ते जिवंत, एवढंच मला तेव्हा कळलं. मी ओरडलो, "थांबा! अत्या जित्या हायेत!"

टाळ बंद पडले. एका बाईनं किंकाळी फोडली. दाजींनी तसाच डॉक्टरांकडं माणूस पिटाळला. डॉक्टर बंदमुळं पायी आले, घामाघूम. नाडी बघितली, छाती तपासली, पापण्या उघडून बॅटरी मारली. "पहाटेच गेल्यात. अंग ताठलंय. कोण म्हणालं जिवंत आहेत?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दाजींनी बखोट धरून मला भिंतीशी नेलं. "पाव्हणा म्हणून सोडतो. पुन्हा तोंड उघडलास तर कॅमेरा फोडीन."

मी ताईजवळ गेलो, तिचं मनगट धरलं. नाडी चालू होती, अगदी व्यवस्थित. माझा जीव भांड्यात पडला. ती माझ्याकडं बघून हसली. फक्त तिचा हात गार लागला.

समाधीचा खड्डा गावाबाहेर, दाजींच्याच रानात खोदला होता. विहिरी आटलेल्या, बाभळी वाळलेल्या, उन्हाची नुसती आग. उन्हात शटर मंद ठेवायची गरजच नव्हती, त्यामुळं वाटभर सगळी माणसं चांगली दिसत होती. अत्यासुद्धा. मला वाटलं, माजघरातल्या धुरानं घोळ केला असणार. मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

खड्ड्याच्या तळाला भिंतीत कोनाडा करतात आणि त्यात मयताला बसवतात. भर दुपारीही आत अंधार. विधी करणाऱ्या अय्यांनी मंत्र म्हटला. लोकांनी अत्यांना खाली उतरवून कोनाड्यात बसवलं.

"शरणप्पाला हे दिसलं पाहिजे," दाजी माझ्याकडं न बघता म्हणाले.

मी काठावर स्टँड रोवला. शटर मंद केलं.

आता तोंड थरथरत नव्हतं. विभूतीची बोटं, हार, पापण्या, सगळं लख्ख दिसलं.

ते ताईचं तोंड होतं.

तिच्या डाव्या भुवईवरचा देवीचा वणसुद्धा दिसला.

मी मान वळवली. ताई माझ्या शेजारी उभी होती, हातात बेलाची पानं घेऊन.

पुन्हा स्क्रीन बघितली. ताई खाली बसली होती, तळहातावर लिंग घेऊन.

ओरडावंसं वाटत होतं. पण सकाळी एकदा ओरडून झालं होतं. आता माझं कोण ऐकणार? वर नाडी तर मी स्वतः बघितलेली. खाली माणसं रिवाजाप्रमाणं मयताभोवती मीठ ओतायला लागली.

मी ताईचं मनगट घट्ट धरलं. "ताई, आपल्या आईचं नाव काय गं?"

"आता हे काय इचारायलास?"

"सांग की. तुला शपथ हाय."

"सिद्धम्मा," ती म्हणाली. लगेच, काही आठवावं न लागता.

आमच्या आईचं नाव जगदेवी. सिद्धम्मा म्हणजे बसम्माअत्यांची आई.

"दाजी!" मी ओरडलो. "थांबवा! ताई खाली हाय! आपली ताई!"

दाजींनी वळूनसुद्धा बघितलं नाही. कुणीतरी म्हणालं, "उन्हानं झालंय. पाणी द्या त्याला." चार हातांनी मला मागं ओढलं. ओढता ओढता मला स्क्रीन दिसली. मीठ हनुवटीला लागलं होतं. मिठावरचं तोंड, एवढा वेळ लख्ख असलेलं, एकदम पुसलं गेलं.

ते हलत होतं.

शेजारून एक हात आला आणि स्क्रीन मिटली. फरशी खाली सोडल्याचा आवाज झाला. मग माती.

ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती, ताई फिरवायची तसाच.

"चल बाबा घरी," ती म्हणाली. "लई दिसांनी भूक लागलीय मला."