एकेरी रेघेचा खटला

"ही पत्रिका घेऊ नका."

बोलून गेले, आणि मग ध्यानात आले की ज्याला बोलले त्याला मी ओळखत नाही. बाहेर ऐप्पसी महिन्याचा पाऊस अँडरसन स्ट्रीटला तुंबवत होता. केवळ आडोसा म्हणून मी लग्नपत्रिकांच्या त्या दुकानात शिरले होते. शेजारी काळा कोट, गळ्याशी वकिलाची पांढरी पट्टी, कोटाच्या बाहीतून ठिबकणारे पाणी... आणि त्या ओल्या बोटांतल्या पत्रिकेवर — माझा कोलम, मी काढलेली पिठाची रांगोळी.

"का? महाग लावलीय?" त्याने विचारले.

"चोरलेली आहे."

"कुणाची?"

"माझी."

त्याने एकदा पत्रिकेकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. माझ्या केसांतून पाणी गळत होते आणि चष्म्यावर वाफ धरली होती. मालकी हक्क सांगायला याहून वाईट अवस्था नसावी.

"बहिणीचं लग्न आहे हो," तो म्हणाला. "शंभर नमुने पाहून हा एक पसंत पडला."

"बहिणीच्या लग्नाला तर मुळीच नको."

"ठीक आहे." त्याने पत्रिका गल्ल्यावर ठेवली, अगदी अलगद, जशी एखाद्याची झोपलेली मांजर ठेवावी. "मी कदिरवन. समोरच्या लाल इमारतीत वकिली करतो. कॉपीराइटचेच खटले चालवतो. पत्रिका घ्यायला आलो आणि पक्षकार घेऊन निघालो, असं झालं तर बहीण मला मारेल. पण पाऊस थांबेपर्यंत सांगा तरी."

पाऊस थांबला नाही. मी सांगितले.

उंबऱ्यावरच्या रेखाटनांवर मी एक ग्रंथ लिहिला आहे. त्यातली सारी चित्रे माझ्या हातची. अशा ग्रंथांना वाचक मोजके असतात. त्यांतला एक चोर निघाला. आश्चर्य एवढेच की त्याने ग्रंथ शेवटच्या पानापर्यंत चाळला होता — माझ्या विद्यापीठातल्या किती सहकाऱ्यांविषयी असे म्हणता येईल, मला शंका आहे. शेवटचे चित्र त्याने उचलले, सोनेरी शाईत छापले, भोवती लाल किनार दिली, आणि 'सेल्वमंगलम कार्ड्स'च्या त्या मोसमातला सर्वांत खपणारा नमुना जन्माला आला.

"शेवटचंच का घेतलं असेल?" कदिरवनने विचारले.

"त्याखाली ओळ नाही. बाकी प्रत्येक चित्राखाली मी गाव, काळ, प्रसंग लिहिलाय."

"याच्याखाली का नाही लिहिलं?"

मी पावसाकडे पाहिले. त्याने पुन्हा विचारले नाही. तिथेच मला सावध व्हायला हवे होते. प्रश्न विचारून पैसे मिळवणाऱ्या माणसाने एक प्रश्न सोडून द्यावा, हे साधे लक्षण नव्हे.

नोटीस गेली. सेल्वमंगलम कार्ड्सचे मालक सोक्कलिंगम यांचे उत्तर आले ते असे : कोलम ही परंपरा आहे, परंपरा कोणा एका विदुषीच्या मालकीची नसते, आणि प्रस्तुत कोलम तर आमच्या घराण्यात चार पिढ्या लग्नाच्या दारात काढला जात आहे.

परंपरा हा शब्द चोराच्या तोंडी फार शोभून दिसतो. आयुष्यभर मी ज्या शब्दाची राखण केली, त्याच शब्दाने मला माझ्याच घराबाहेर काढले होते. मी संतापले, म्हणजे अधिक शांतपणे बोलू लागले. माझे विद्यार्थी या शांततेला वादळापेक्षा जास्त भितात.

कदिरवन भीत नव्हता.

"आवाज आणखी खाली गेला तर खुणांच्या भाषेत बोलावं लागेल, डॉक्टरम्मा," न्यायालयाच्या उपाहारगृहात माझ्यापुढे कॉफीचा पेला सरकवत तो म्हणाला. "आधी कापी घ्या. मग त्या माणसाला मनात हवं तेवढं मारा."

"मी कुणाला मारत नाहीये."

"तो चमचा बघा."

चमचा वाकला होता. मी तो सरळ केला. तो हसला, आणि... हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या आधी मिटतो, ही नोंद मी का घेतली, याचे समाधानकारक कारण मला आजवर सापडलेले नाही.

तो सिवकासीचा. वडील छापखान्यात होते. आई तो अगदी लहान असताना गेली. "आमच्या दारात कोलम नव्हताच," तो म्हणाला. "वडील पाणी मारायचे, झालं. म्हणून तुमचा आवडला असेल. माहीत नसलेली गोष्ट लवकर आवडते माणसाला."

"हे पत्रिकेबद्दल चाललंय?"

"सध्या तरी."

पण खटल्याचे काही खरे नव्हते. साक्षींच्या आधी एका दुपारी तो कागद मिटून म्हणाला, "परंपरेला मालक नसतो, हे कायद्याला मान्य आहे. न्यायमूर्तींनी सोक्कलिंगमचं खरं मानलं तर हा कोलम सगळ्यांचा होईल. उद्या कुणीही छापेल, कुठंही. तो परंपरेतला नाही, तुमचा आहे, हे मी कशावरून दाखवू?"

"मी सांगते म्हणून?"

"ते मला पुरतं. कोर्टाला पुरत नाही." तो थांबला. मग हलकेच म्हणाला, "एक विचारू? त्या दिवशी तुम्ही म्हणालात — बहिणीच्या लग्नाला तर मुळीच नको. चोरीचा माल तर कुणालाच नको. मग बहिणीचं लग्नच का अडलं?"

उपाहारगृहात भांड्यांचा आवाज होता. मी पेल्याच्या काठावर बोट फिरवत राहिले.

"तो अम्माच्या दहाव्या दिवसाचा आहे," मी म्हटले. "मागच्या अंगणात पवळमल्लीचं, म्हणजे पारिजातकाचं, झाड आहे. रोज सकाळी ती पडलेली फुलं वेचायची, पाय पडू नये म्हणून. त्या दिवशी विधीच्या जागी मी तीच फुलं काढली. कुणाकडून शिकले नाही. हात चालला तशी काढली..."

त्याने मिटलेल्या कागदांतून पत्रिका बाहेर काढली.

"आणि नीट बघा, रेघ एकेरी आहे. शुभकार्याला आमच्याकडे पिठाच्या दोन रेघा जोडीनं जातात, भोवती गेरूची लाल किनार. एकेरी रेघ आणि गेरू नाही, तो मृत्यूचा कोलम. लहान मुलीलासुद्धा शिकवावं लागत नाही हे."

"म्हणजे हे महाशय..." त्याचे डोळे मोठे झाले, "गावभरच्या नवरीमुलींच्या पत्रिकांवर सुतकाचा कोलम छापतायत? वर लाल किनार लावून?"

"पुरुष आहेत. कोलमाशी पुरुषांचा संबंध एवढाच की पाय पडू नये म्हणून त्यावरून उडी मारायची. आणि नमुना पसंत करताना घरातल्या म्हातारीला आता विचारतो कोण?"

तो हसला नाही. मला वाटले होते हसेल.

"कोर्टात सांगा," मी म्हटले. "अम्माचं सगळं सांगा. जिंकायचंय मला."

"तुम्हाला सांगायचंय का?"

"...नाही."

"मग नाही सांगणार," कदिरवन म्हणाला आणि मी पुन्हा वाकवलेला चमचा स्वतःच्या खिशात टाकला.

उलटतपासणीच्या दिवशी सोक्कलिंगम रेशमी उपरणे घेऊन आले. मागच्या बाकावर त्यांची पत्नी डबा मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याचा विजय पाहून, मग जेवून घरी जायचे, अशी व्यवस्था दिसत होती. न्यायमूर्ती एक प्रौढ बाई होत्या. परंपरेवरचे प्रतिपक्षाचे लांबलचक व्याख्यान त्यांनी देवळातल्या मूर्तीच्या सहनशीलतेने ऐकले होते.

कदिरवन उठला. आवाज अगदी सौम्य.

"अय्या, हा कोलम तुमच्या घरी लग्नातच काढतात?"

"चार पिढ्या झाल्या."

"काढतं कोण?"

"बायका. दुसरं कोण काढणार?"

"तुमच्या मुलीच्या लग्नात?"

"काढला की! दारातच. पाचशे माणूस त्याच्यावरून आत गेलं."

"हाच? काही फरक?"

"रेघ न् रेघ हीच. शपथेवर सांगतो."

"शपथेवरच आहात, अय्या. आता एवढंच सांगा, ही रेघ एकेरी आहे की दुहेरी?"

सोक्कलिंगम गोंधळले. प्रश्न त्यांना कळलाच नव्हता. पण न्यायमूर्तींनी चष्मा चढवला, पत्रिका जवळ ओढली, आणि त्यांच्या तोंडून अगदी घरगुती स्वरात एकच शब्द निघाला.

"एकेरी?"

मग मागच्या बाकावर डबा खणकला.

"ऐयो! काय?" सोक्कलिंगम यांच्या पत्नी उभ्या होत्या. "माझ्या पोरीच्या दारात मी एकेरी काढला? हे कोण म्हणतं?"

"अम्मा, खाली बसा," न्यायमूर्ती म्हणाल्या.

"बसते, पण आधी ह्यांना विचारा! दोन पोती पीठ लागलं होतं, दुहेरी रेघ, गेरू ह्या हातानं लावलाय! दहाव्याचा कोलम काढायला मी काय वेडी आहे?"

"अम्मा."

त्या बसल्या. नवऱ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले, तिच्यापुढे कोणत्याही न्यायालयाची शिक्षा सौम्यच ठरली असती.

कदिरवनने घाई केली नाही. "अय्या, दोनच रस्ते आहेत. एक, तुमचं घराणं चार पिढ्या लग्नाच्या दारात मृत्यूचा कोलम काढतंय, आणि आता तो तुम्ही गिऱ्हाइकांना विकताय. अँडरसन स्ट्रीट इथून हाकेच्या अंतरावर आहे. संध्याकाळपर्यंत बातमी पोचेल. दुसरा, हा कोलम तुमच्या घरचा नाहीच. तो या ग्रंथाच्या शेवटच्या पानावरून उचलला. कुठला रस्ता घेताय?"

सोक्कलिंगम यांनी उपरण्याने कपाळ पुसले. एकदा न्यायमूर्तींकडे पाहिले. मग, अधिक भीतीने, मागच्या बाकाकडे.

"पुस्तकातून घेतला," ते म्हणाले. "चित्र करणारा पोरगा बाहेरगावचा... त्याला काय कळतंय. मलाही नाही कळलं."

नंतरचे सगळे सरळ होते. छपाई बंद, साचे माझ्या ताब्यात, चित्रावर माझे नाव, वर्तमानपत्रात माफी. भरपाईचा आकडा वाचला गेला तो मी ऐकला नाही. मी एवढेच ऐकत होते की पूर्ण दिवसात, एकाही वाक्यात, माझ्या आईचा उल्लेख आला नव्हता. त्याने केवळ रेघेवर खटला जिंकला होता. पवळमल्लीचे झाड माझ्या अंगणातच राहिले.

व्हरांड्यात पाऊस तिरपा येत होता. समोरून तो आला, कोट हातावर, पांढरी पट्टी सैल.

"जिंकलात, डॉक्टरम्मा. आता तरी मोठ्यानं बोला."

"आभार," मी म्हटले. आवाज फुटला नाही. संतापाच्या शांततेहून ही वेगळी होती, आणि तिचा मला सराव नव्हता.

"मला एक कोलम हवाय," तो म्हणाला. "दुहेरी रेघेचा. पत्रिकेसाठी."

"बहिणीचं लग्न तर झालं ना? साध्या पत्रिकेवर उरकलंत."

"हे दुसरं लग्न आहे."

"कुणाचं?"

"ते... चित्र काढणारीच्या परवानगीवर अवलंबून आहे."

"परवानगीला लेखी अर्ज लागतो. तुम्हाला माहीत असायला हवं."

"तोंडी चालवून घ्या. प्रकरण तातडीचं आहे."

"मुदत किती काळाची हवी?"

"कायद्यात आहे तेवढी," तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याचा सूर वकिलाचा नव्हता. "काढणारीचं आयुष्य... आणि वर साठ वर्षं."

मी आजवर पुष्कळ वाचले आहे. त्या सबंध वाचनात एखाद्या कायद्याचे कलम इतके सुंदर वाटल्याचे मला स्मरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला. मी उंबऱ्यापुढे बसून पीठ सोडत होते. दोन रेघा, जोडीने, एकमेकींना न चिकटता आणि न सोडता. पवळमल्लीचीच फुले, पण आता दुहेरी. सावली पडली म्हणून मान वर केली. कदिरवन फाटकात उभा होता, चपला हातात.

"उडी मारा," मी म्हटले. "सगळे मारतात."

"नाही. तुझं होईपर्यंत थांबतो."

तुझं. मी खाली पाहून गेरूची वाटी जवळ ओढली.

आतून अप्पांचा आवाज आला, "कोदै, कोण आहे गं?"

"वकील आहेत, अप्पा."

"आता कशाला? खटला तर संपला ना?"

"हा दुसरा आहे," मी मोठ्याने, अगदी मोठ्याने म्हटले, आणि दुहेरी रेघेभोवती लाल किनार ओढायला घेतली.