इथे कोणी आणलं?

निवाऱ्यात नवीन आलेल्याला ताई आधी पोटभर जेवू घालत, मग आंघोळीला धाडत, आणि त्यानंतरच फॉर्म काढत. घर सुटलेली, घराने सोडलेली, सोळा ते एकवीस वयाची मुलंमुली जुन्या छापखान्याच्या त्या दुमजली इमारतीत येत. इथे त्यांना पलंग मिळे, डॉक्टर मिळे, हरवलेले कागद पुन्हा काढून मिळत, आणि एक कुलपाचं कपाट मिळे. त्याची किल्ली हातात पडली की भलेभले दांडगट घळाघळा रडत.

ताई तिथल्या समुपदेशक. बारा वर्षांत त्यांनी कुणालाही पहिल्या दिवशी ‘का पळालास?’ असं विचारलं नव्हतं. फॉर्ममधला एक रकाना मात्र त्या न चुकता भरत: इथे कोणी आणलं? गोड बोलून मुलांना भलतीकडे नेणारे दलाल शहरात कमी नव्हते.

चार महिन्यांपासून त्या रकान्यात एकच उत्तर येऊ लागलं. एक मुलगी. हडकुळी, गळ्यात शिंप्याची मोजपट्टी. बसस्टँडवर भेटते, हात धरून दारापर्यंत आणते, आणि मागे वळून बघावं तर नसते.

मोजपट्टी गळ्यात घालून वावरणारी मुलगी निवाऱ्यातच होती. तिला सगळे सुई म्हणत. दोन वर्षांपूर्वी पोलिसांनी आणून सोडली तेव्हा महिनाभर तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आता खिडकीशी शिलाई मशीनवर बसून ती साऱ्या घराचे कपडे बेतायची. नव्याने आलेल्याला अंगाबरोबर बसणारा पहिला कपडा तिच्याच हातचा मिळे. काय वाट्टेल ते काम सांगा, करायची. फक्त दाराबाहेर पाऊल टाकायची नाही. डॉक्टरांनाही तिच्यासाठी आत यावं लागे.

“हिला बाहेर न्यायचं तर उंबरठाच उपटून बरोबर घ्यावा लागेल,” असं स्वयंपाकीकाका म्हणत, आणि सगळ्यांत जास्त हसायची ती सुईच.

नवी मुलं तिला बघून ओळखीचं हसत. ती मात्र कुणालाच ओळख दाखवत नसे. ताईंनी एकदा सरळच विचारलं.

“मी कुठे जाणार, ताई?” एवढंच ती म्हणाली.

ताईंना वाटलं, कुणीतरी हिचा वेश घेऊन मुलांचा विश्वास कमावतंय. आज इथे आणणारी उद्या दुसरीकडे नेईल. त्या विचाराने त्यांना दोन दिवस जेवण गोड लागेना. शेवटी एका दुपारी त्यांनी काकांना सुईसमोर बटाटे सोलायला बसवलं, नजर हलवू नका म्हणून बजावलं, आणि स्वतः बसस्टँडवर जाऊन बसल्या.

शेवटच्या फलाटावरच्या बाकावर एक मुलगी बसली होती. सतरा-अठराची असेल. पोटाशी बॅग, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस तिच्याकडे सरकत होता. ताई उठल्या.

तेवढ्यात त्या मुलीने मान वर केली. समोर कोणी नव्हतं. तरी ती ऐकत राहिली, एकदा ‘खरंच?’ असं पुटपुटली, आणि उभी राहिली. सरकणारा माणूस दचकून मागे झाला, अंग चोरून निघूनच गेला.

मुलगी चालू लागली. डावा हात जरा पुढे, मूठ सैल मिटलेली. कुणाच्या तरी हातात दिल्यासारखी.

ताई मागोमाग निघाल्या. गर्दी होती, ऊन होतं, फेरीवाले ओरडत होते. मुलगी कुठेही अडखळली नाही. गल्लीबोळ जन्माचे पाठ असल्यासारखी वळत गेली. ताईंना धाप लागली, अंतर पडलं.

मोठ्या चौकात ती थांबली.

रस्ता मोकळा होता. बाकीचे लोक ओलांडून गेले. ती तशीच उभी.

ताई धापा टाकत दहा पावलांवर आल्या, आणि ती पुन्हा चालू लागली.

निवाऱ्याचं दार तिने ढकललं तेव्हा तिचा डावा हात खाली आला. तिने मागे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती आत गेली.

ताईंनी तिला जेवायला बसवलं आणि खिडकीकडे गेल्या. काका अजून तिथेच होते, मांडीवर बटाटे, चेहरा उतरलेला.

“जागची हलली नाही,” ते हळूच म्हणाले. “दोरा कधीचा संपलाय. तरी मशीन चालवतेय.”

सुईचा पाय थांबला. तिने कपाळावरचा घाम पुसला. तिच्या डोळ्यांत इतकी माया होती की ताईंना तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही.

“ताई,” सुई म्हणाली, “तुम्ही किती हळू चालता. तिचा पाय सोललाय, तिला चौकात उभं राहवत नव्हतं.”