दोन्ही बाजूंनी कापलेलं दार

झडप उघडली, आणि आत कोणीतरी आधीच अडकलेलं होतं!

हजार वर्षं माणसाचं पाऊल न पडलेलं अंतराळस्थानक, नुकतंच सापडलेलं, सहा दिवसांत खालच्या ग्रहावर कोसळणारं. त्याआधी मधलं, राहायच्या खोल्यांचं चाक कापून सुटं करायचं, म्हणजे जहाजाला ते ओढून नेता येईल. हे काम तिचं. सगळे तिला कटरच म्हणत. आणि इथे हा लांबटांग्या, पाठीवरची पिशवी बिजागरीत गुंतवून, तरंगत खुशाल भिंत वाचतोय!

"कोण हो तुम्ही?"

"लिपीवाला. संग्रहालयाने पाठवलंय. जुन्या पाट्या वाचतो. जरा सोडवता? नको, थांबा... एवढी ओळ होऊ दे."

तिने कपाळावर हात मारला. तो हेल्मेटवर आपटला.

पुढचे चार दिवस त्याने तिला नुसता वात आणला. कापायची टॉर्च पेटवली की हा आडवा.

"काय एवढं सोन्याचं लिहिलंय त्या दारावर?"

"'हात धुतल्याशिवाय आत येऊ नये.'"

तिला हसू फुटलं. ते त्याने पाहिलं, म्हणून ती आणखीच वैतागली.

पाचव्या दिवशी कापायची रेघ दोन शेजारच्या खोल्यांवरून जात होती. बाहेर भिंतीवर काहीतरी कोरलेलं.

"'गाणं बंद करा,'" तो वाचू लागला. "खाली दुसऱ्याचं अक्षर — 'नाही करणार.' मग नुसती भांडणं... आणि एकदम काहीच नाही. पुढे काय झालं, कोण जाणे."

ती आत गेली. मधल्या भिंतीतल्या दाराच्या कडेवरून तिने बोट फिरवलं, आणि तिथेच थबकली.

"हे दार मूळचं नाही. बघा, अर्धी कड इकडून कापलीय, अर्धी तिकडून. मधे बोटभर चुकलीय. दोघंही अडाणी... पण दोघंही कापत होते."

त्याने त्या चुकलेल्या जागेत हळूच आपलं बोट ठेवून पाहिलं.

तिने रेघ पुसली, दोन्ही खोल्यांच्या पलीकडून नवी आखली. काम सात तासांनी वाढलं.

"वेड लागलंय का तुला?" रेडिओवर कप्तानबाई कडाडल्या.

"हो, बाई. लागण झालीय."

त्याने केबल धरली, तिने कापलं. चाक सुटलं तेव्हा जेमतेम चाळीस मिनिटं उरली होती. मग उरलेलं स्थानक लालभडक होत खाली गेलं. जहाजाच्या खिडकीतून दोघांनी ते पाहिलं.

चाक संग्रहालयात जाणार, त्याच्याबरोबर तो. ती पुढच्या कामावर.

"तिकडे... पाट्या आहेत?" त्याने विचारलं.

"एकही नाही. मालवाहू जहाज आहे. कोरं."

"अच्छा..." तो हातमोज्याशी चाळा करत राहिला.

हजार वर्षांपूर्वीचं वाचतो, आणि समोरचं कळत नाही! "अहो, कोरं म्हणाले मी. येऊ नका म्हणाले का?"

"मग... येऊ?"

"येऊन करणार काय?"

"तू चिडतेस ते बघत बसेन."

"तू?"

"चुकून गेलं तोंडातून —"

"राहू दे आता," ती म्हणाली, आणि वैतागूनच त्याचा हात धरला.