निळ्या नळीचा तास

चंद्रपुरात आताशा लोक घराबाहेर पडण्याआधी मनगटावरची, हवेतली धूळ मोजणारी पट्टी बघत. तिच्यावर हिरवा ठिपका असला तर फिरायला जायचं, लाल असला तर घरी बसायचं. ही पट्टी डॉ. संध्या आसुटकरांच्या प्रयोगातून निघाली होती. धुळीच्या हवेत चाकावर पळणारे उंदीर छातीभर धूळ ओढून घेत आणि त्यांची रक्तातली साखर बसून राहणाऱ्यांपेक्षाही चढे.

पट्टीचा पहिला फटका बसला तो संध्याबाईंच्याच घराला. त्यांचे यजमान देवानंद पीटीचे निवृत्त मास्तर, त्यात मधुमेही. ठिपका बहुतेक लालच असे. पहाटेचं फिरणं सुटलं, साखर वाढली, आणि चालताना दोघांचं जे बोलणं व्हायचं तेही थांबलं.

दुपारी मात्र मास्तर प्रयोगशाळेत डबा घेऊन येत. उंदीर अंधारात पळतात, म्हणून तिथे दिवसा काळोख करून मंद लाल दिवा लावलेला असे. एका रांगेतल्या पिंजऱ्यांना काळ्या नळीतून शहराची हवा मिळे, दुसऱ्या रांगेला निळ्या नळीतून गाळलेली.

काळ्या नळीच्या रांगेत एक गुबगुबीत उंदरीण होती. मास्तर तिला ढेमशी म्हणत. चाकाच्या फेऱ्यांच्या नोंदीनुसार ती भरपूर पळे, तरी तिची साखर उतरत चालली होती. काही शरीरांना, कदाचित मास्तरांच्याही, धूळ बाधत नसावी, असं संध्याबाईंच्या मनाने घेतलं. सोमवारपासून लाल ठिपक्यावरही फिरायला जाऊ, असं त्यांनी कबूल केलं. मास्तरांनी लगेच कॅनव्हासच्या बुटांना खडू लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या खोलीतून, अर्ध्या जेवणावरून उठून संध्याबाई चष्मा घ्यायला परत आल्या. मास्तर ढेमशीच्या पिंजऱ्याची काळी नळी काढून निळी बसवत होते.

“हे काय चाललंय?”

“पळणाऱ्याला तरी चांगली हवा नको?” मास्तर पुटपुटले. “तुझं जेवण होईस्तोवरच. मग लावून देतो पहिल्यासारखी.”

“रोज?”

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

संध्याबाई स्टुलावर बसल्या. त्यांना ते खडू लावलेले बूट आठवले. तुम्हाला शाळेतून कसं काढलं नाही, असं त्या बोलल्या, पण आवाजात राग टिकला नाही. मागे चाक फिरू लागलं होतं.

“ही एरवी पळते?”

“नाही. निळी नळी लागली की चढते चाकावर. बाकी दिवसभर लोळते, माझ्यासारखी.”

संध्याबाई चाकाकडे वळल्या. नव्या उंदरांवर सगळं पुन्हा तपासावं लागणार होतं. पण बाकीचा दिवस ढेमशीनेही तीच धूळ खाल्ली होती.

“म्हणजे पळण्याचा तेवढा तास हवा चांगली मिळाली, तरी पुरत असेल,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी खिडकीचा पडदा जरा बाजूला केला. दूरवर वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर चढत होता.

“ढेमशीला मी होतो,” ते म्हणाले. “एवढ्या गावाची नळी कोण बदलेल वं?”