बोरच्या जंगलात बोलायचं नसतं

"ठेव! खाली ठेव म्हणते नं मी!"

बोरधरणच्या सफारी गेटवर, धड उजाडलंही नव्हतं तेव्हा, टपरीपुढचे सगळे लोक एकदम चूप झाले. चहावाल्याचा ओतता हात थांबला. आणि कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत पोचलेल्या वानरानं वळून वर्षालीकडे पाहिलं, हातातला आलूबोंडा मातीत ठेवला आणि निमूटपणे झाडावर निघून गेलं.

ज्याच्या हातून तो आलूबोंडा पळवला गेला होता, तो तरुण अजून रिकामा कागद धरून उभा होता. त्यानं आधी झाडाकडे पाहिलं, मग वर्षालीकडे... आणि हसला. उंच, सावळा, मरून स्वेटर आणि डोक्यावर कानटोपी. हसताना त्याचे डोळे आधी हसत आणि तोंड मागून येई.

"तुमी पोलिसात हाय का जी?"

"नाई. शाळेत पीटी शिकवते. हिंगणघाटले."

"तरीच! वांदर सावधानमधी उभं झालतं."

वर्षालीला हसू फुटलं. तिचं हसूही तिच्या आवाजाच्याच मापाचं होतं. शाळेत माईक बिघडला तरी कुणी घाबरत नसे, वर्षाली मॅडमना बोलावलं की काम भागायचं.

"दुसरा घ्या गरम," ती म्हणाली. "मी राह्यते उभी पहाऱ्याले."

"मंग दोन घेतो. पहारेकऱ्याले उपाशी कसं ठेवू?"

ती बोलत असताना तो तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हता. डोळ्यांवर नाही, जराशी खाली... ओठांवर. दुसरा कुणी असता तर वर्षालीनं वानराचीच गत त्याची केली असती. पण या नजरेत आगाऊपणा नव्हता, नुसतं लक्ष होतं. तिचे गाल गरम झाले. थंडीचं निमित्त करून तिनं स्कार्फ नाकापर्यंत ओढून घट्ट बांधला.

तेवढ्यात कोकिळामावशी शाल सावरत आली आणि तिनं वर्षालीला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"बोलली तू त्याच्याशी?"

"कोणाशी?"

"अवो, थोच तं हाय पोरगा! सिंदीचा रजत!"

वर्षालीनं कपाळावर हात मारून घेतला.

आता हे सांगायलाच हवं की पोहे, चहा आणि पाटावर बसलेली मुलगी असा साधा कार्यक्रम सोडून ही मंडळी पहाटे जंगलाच्या दारात का आली होती. वर्षालीला पाहायला आलेली दोन-तीन स्थळं आतापर्यंत परत गेली होती. मुलगी देखणी, नोकरी चांगली, घर चांगलं, सगळं पसंत. फक्त निरोपात शेवटी एक वाक्य असायचं — 'आवाज जरा जास्तच हाय, आमच्या घरात सगळे शांत हायत.' मग मावशीनं डोकं चालवलं. जिथं बोलायलाच मनाई आहे अशा जागी मुलगी दाखवायची! मध्यस्थ बंडूजींना तिनं सफारीचं सुचवलं, आणि आश्चर्य म्हणजे मुलाकडच्यांनी एका दमात होकार दिला. "आमच्या रजतले जंगल लय आवडते," मुलाची आई मीराबाई फोनवर म्हणाली होती. "अन् स्वभावानं असा शांत, की घराशेजारून मालगाडी गेली तरी कूस बदलत नाई."

"जे झालं थे झालं," मावशी कानाशी लागली. "आता तोंड उघडजो नको. लग्न होऊन जाऊ दे, मंग बोल जेवढं बोलायचं तेवढं."

आज वर्षाली कितीही गप्प राहिली असती, पण लग्नानंतर? आयुष्यभर तोंडावर हात ठेवून जगायचं? आणि तिला हसवणारा हा माणूस पुढं एखाद्या दिवशी 'हळू बोल' म्हणाला तर? हा विचार तिला गेटवरच्या थंडीपेक्षा जास्त झोंबला.

उघड्या जिप्सीत पुढं ड्रायव्हर आणि गाईड धनंजय बसले. मागं दोन्हीकडची मंडळी. वर्षाली नेमकी रजतच्या उजव्या हाताला आली. धनंजयनं निघतानाच बजावलं, "आत गेल्यावर मोठ्यानं बोलायचं नाई. गाडीतून उतरायचं नाई. हसू आलं तं दाबून ठेवायचं." शेवटचं वाक्य बोलताना तो आपल्याकडेच पाहत होता, असं वर्षालीला वाटलं.

गाडी टेकड्यांच्या वाटेला लागली. धुकं विरत होतं, सागाची वाळलेली पानं चाकांखाली चुरत होती. एका वळणावर चितळांचा कळप मान वर करून उभा राहिला. ठिपक्यांवर कोवळं ऊन पडलं होतं. वर्षालीनं जन्मात पहिल्यांदा कुजबुजण्याचा प्रयत्न केला.

"किती सुंदर हाय नं?"

रजत चितळांकडे पाहत राहिला.

पुढं तलावाकाठी रोही, म्हणजे नीलगायींची जोडी, दिसली. नर निळसर काळा, मादी मातकट. "आमच्या वावरात हेच येतात चणा खायला," वर्षाली स्कार्फच्या आतून पुटपुटली. उत्तर नाही. सांबर दिसलं. "थंडी वाजून राह्यली का तुमाले?" उत्तर नाही. फक्त मध्येच तिच्याकडे वळून तो गोड हसायचा आणि पुन्हा झाडांकडे पाहायचा.

बंडूजींनाही राहवेना. त्यांनी मफलरमधून हळूच म्हटलं, "रजतभाऊ, पोरीले काही विचारा तं खरं."

मीराबाईनं चटकन उत्तर दिलं, "जंगलात बोलत नाई जी."

वर्षालीनं तोंड दुसरीकडे फिरवलं. गेटवर हाच माणूस दोन आलूबोंडे घेऊन गप्पा मारत होता. मग मुलगी कोण ते कळलं असेल, आवाज तर ऐकलाच होता, झालं! आता नुसतं सभ्यपणानं हसत होता. एरवीच्या नकारांनी तिला रागच आला होता. हा नकार मात्र टोचत होता, कारण... कारण तो आवडला होता. आलूबोंड्याचा रिकामा कागद धरून उभा होता, तेव्हाच आवडला होता.

वाटेत एका जुन्या चौकीपाशी पाय मोकळे करायला उतरायची परवानगी होती. भोवती चुना लावलेले दगड मांडले होते. "दगडाच्या पलीकडे कोणी जायचं नाई," धनंजयनं सांगितलं आणि तो ड्रायव्हरबरोबर गाडीचं चाक पाहायला वाकला. वर्षाली एकटीच बाजूला जाऊन उभी राहिली. समोर, दगडांच्या जरा पुढं, बोरीचं झुडूप लालबुंद बोरांनी लगडलं होतं. तिनं पाहिलं, तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं आणि नजर वळवली. बस, एवढंच.

पण तेवढं रजतनं पाहिलं होतं. तो सहज चालत गेला, दगड ओलांडला आणि बोरं तोडायला लागला.

त्याच वेळी झुडपाच्या पलीकडची फांदी हलली. आधी वर्षालीला वाटलं, वारा असेल. मग काळ्या केसांचा एक मोठा ढिगारा दिसला, नंतर पांढुरकं लांब तोंड. अस्वल! बोरं ओरबाडण्यात गुंग झालेलं अस्वल, आणि अलीकडे बोरं तोडण्यात गुंग झालेला रजत. मध्ये फक्त काटे.

"रजतभाऊ... मागं या..." बंडूजींचा आवाज फुटेना.

"रजत! अरे रजत!" मीराबाई पदर तोंडाशी धरून कुजबुजत होती, कारण मोठ्यानं ओरडलं तर अस्वल बिथरेल अशी भीती.

अस्वल फुरफुरत होतं, फांद्या कडकड मोडत होत्या, एवढं वर्षालीला लांबून ऐकू येत होतं. आणि तो? आरामात एकेक बोर निवडत होता. वर्षालीनं मावशीकडे पाहिलं. मावशीनं डोळे मोठे करून ओठांवर बोट ठेवलं.

वर्षालीनं स्कार्फ खाली ओढला.

"रजऽऽत! मागं या! अस्वल हाय समोर!"

समोरच्या टेकडीवरून तो आवाज घुमून परत आला. झाडांवरून हरियाल भुर्रकन उडाले. अस्वल दोन पायांवर उभं राहिलं, क्षणभर त्यानं या दिशेला नाक वर केलं... आणि मग चारी पायांवर पडून, सगळी झुडपं तुडवत नाल्याकडे पळत सुटलं. रजत मागं मागं येत दगडाच्या आत पोचला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. मुठीत मात्र बोरं तशीच होती.

धनंजयनं आधी त्याला चांगलं झापलं, मग वर्षालीला. कोकिळामावशी चौकीच्या पायरीवर मटकन बसली. "झालं," ती म्हणाली, "एवढं समजावलं होतं, हळू बोलजो म्हणून."

आणि मीराबाई मुलाला कवटाळून रडत म्हणाली, "किती आवाज दिले रे तुले! तुले ऐकू येत नाई माहीत हाय, तरी मी हळूच..." आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. बंडूजींनी मीराबाईकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "दोघीयलेही जंगलच पाह्यजे होतं, थे यासाठी?"

मावशीनं शाल डोक्यावरून ओढली.

रजत वर्षालीजवळ आला.

"उजवा कान लहानपणीच गेला," तो म्हणाला. "डावा अर्धा चालते. बाकीचं मी... लोकायचे ओठ पाहून समजून घेतो."

वर्षालीला सगळी सकाळ आठवली. धुकं, मफलर, तिचा स्कार्फ.

"अन् मी मूर्खासारखी स्कार्फातून बोलून राह्यली! उजव्या कानात!"

"तुमी बोलल्या?" त्याचे डोळे चमकले. "मले वाटलं, मी पसंत नाई म्हणून चूप बसल्या. काय बोलल्या?"

"चितळ सुंदर हाय म्हणली. थंडी वाजते का विचारलं."

"लय वाजत होती."

"आता काय उपयोग सांगून!" तिला हसूही येत होतं आणि रागही. "गेटवरच सांगितलं काऊन नाई?"

"गेटवर गरजच नाई पडली." तो बोरांकडे पाहत बोलत होता. "सगळं ऐकू आलं, एकेक शब्द. बाहेर मले असं कधी होत नाई. लोक एकदा बोलतात, मी 'काय?' म्हणतो. दुसऱ्यांदा बोलतात, मी पुन्हा 'काय?' म्हणतो. मंग थे म्हणतात, 'काही नाई, जाऊ दे.' जन्मभर मी 'जाऊ दे' ऐकलं. तुमाले सांगणारच होतो मी... आईनं शपथ घातली होती. तरी लपवलं थे चुकलंच."

वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला जन्मभर हळू बोल म्हणणारे भेटले आणि याला जाऊ दे म्हणणारे. दोघांचं दुखणं एकाच ठिकाणचं होतं.

"मले हळू बोलता येत नाई," ती म्हणाली. "मावशी म्हणते, लग्नानंतर सुधरेल. नाई सुधरणार. आधीच सांगून ठेवते."

"सुधरजा नका जी," तो घाईनं म्हणाला. "हात जोडतो."

त्यानं मूठ तिच्यापुढं उघडली. काट्यांनी बोटं ओरखडली होती. तिनं एक बोर उचललं, आणि तिची बोटं त्याच्या तळहातावर जरा जास्तच रेंगाळली.

"मले तुमी पसंत हाय," तो म्हणाला. "तुमाले मी... असा... चालीन का?"

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात धनंजयनं गाडीतून टाळी वाजवली. "बसा लवकर. अन् मॅडम, आता गेटच्या बाहेर निघेपर्यंत एक शब्द नाई. अर्ध्या जंगलाले जागं केलं तुमी."

झालं. सवालाचा जवाब अडकून राहिला.

या वेळी वर्षाली रजतच्या डाव्या बाजूला बसली. मीराबाईनं आपणहून जागा दिली. गाडी परत निघाली. तो दर वळणावर तिच्याकडे पाही, भुवया उंचावून. ती ओठ घट्ट मिटून समोर पाही. गंमत म्हणून, आणि थोडं असंही, की हे उत्तर तिला कुजबुजायचं नव्हतंच.

आणि मग वाघ दिसला. खरोखरचा वाघ! तलावाकडून आला आणि जिप्सीसमोरून, घरचंच अंगण असावं तसा, रस्ता ओलांडून गेला. मावशीनं बंडूजींचा हात धरला आणि मग दचकून सोडला. मीराबाईनं हात जोडले. वर्षालीनं रजतला कोपरानं ढोसलं, बोटानं दाखवलं. पण तो वाघाकडे पाहतच नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता, एखादा शब्द निसटतो का म्हणून. वाघ झाडीत शिरला तरी त्याला पत्ता नव्हता. एवढा कासावीस झालेला माणूस तिनं यापूर्वी पाहिला नव्हता, आणि तो आपल्यासाठी झालाय, हे तर तिला खरंच वाटेना.

शेवटी गेट आलं. पहारेकऱ्यानं आडवा बांबू वर केला, मागचं चाक हद्दीबाहेर पडलं. मावशी कानाशी झुकली. "आता तरी हळू—"

वर्षाली उभी राहिली. एका हातानं दांडा धरला, छाती भरून श्वास घेतला.

"हाऽऽव!"

ड्रायव्हरनं ब्रेक मारला. पुढच्या फेरीच्या रांगेतल्या सगळ्या गाड्यांतली माणसं वळून पाहू लागली. मीराबाई पदर डोळ्यांना लावून हसायला लागली. मावशीनं आधी डोळे मिटले, मग एक उघडून मीराबाईकडे पाहिलं आणि तिलाही हसू आवरेना.

रजतचा चेहरा कानटोपीपर्यंत लाल झाला होता. होकाराचा शब्द त्याला पोचला होता. पूर्ण पोचला होता, डाव्या कानात काय, कदाचित उजव्यातही. तरी त्यानं हात कानामागं धरला, मान तिच्याकडे कलती केली आणि आयुष्यात पहिल्यांदा हौसेनं विचारलं,

"काय? ऐकू नाई आलं. पुन्हा एकदा म्हणा नं!"

आणि वर्षालीनं पुन्हा म्हटलं.