जड हाताची रेघ

हातात मावणारी यंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं अर्धं आयुष्य फुल्या दाबण्यात जातं. पडदा बदलला की यंत्र कोपऱ्याकोपऱ्यात बारीक फुली दाखवतं, आपण तिच्यावर पेनाचं टोक टेकवायचं. मग ते म्हणतं, हलकं दाबा. मग म्हणतं, जोरात दाबा. दिवसभर असल्या आज्ञा पाळून मी इतका शिणतो की घरी बायकोने काही सांगितलं, तर आधी कुठे दाबायचं ते शोधतो. बायकोला हा विनोद आवडत नाही. आता मलाही फारसा आवडत नाही, पण सवय जात नाही.

आमच्या आक्काचं चित्रं काढायचं यंत्र जुन्या धाटणीचं. हल्लीच्या पडद्यांना बोटाची कातडी लागते. हातमोजा घातलात तर ओळखसुद्धा दाखवत नाहीत. जुन्याला तसले नखरे नाहीत. वर पातळ पापुद्रा, खाली काच, मध्ये केसाएवढी फट. टोक दाबलं की पापुद्रा काचेला टेकतो. जास्त दाबाल तितका जास्त टेकतो, तितकी रेघ जाड. पेन असो, काडी असो, चमच्याचा दांडा असो; त्याला माणूस कळत नाही, वजन तेवढं कळतं.

आक्का बियाण्यांच्या पाकिटांवरची चित्रं काढायची. मुळा, वाटाणा, भोपळा. पानाची शीर देठाशी जाड आणि टोकाकडे जाता जाता नाहीशी. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग ती मोठ्या आजारातून उठली. भूक परत आली, झोप आली, माझ्यावर ओरडणंही आलं. उजव्या मुठीतला जोर काही आला नाही. रेघ उमटेना, तशी ती खिडकीशी नुसती बसून राहायला लागली.

भावोजी दुकानात आले. "काहीही कर, पण हिचं चित्र चालू कर. ही अशी गप्प बसली तर मी बोलू कुणाशी? भिंतीशी?"

मी त्यांच्या घरी जाऊन नव्याने दाब बसवायला, म्हणजे यंत्राला तिच्या हाताचा जोर लक्षात ठेवायला शिकवायला, घेतला. हलकं दाबा, जमलं. जोरात दाबा. आक्काने ओठ मुडपून दाबलं. यंत्र म्हणालं, पुन्हा दाबा. तिने पुन्हा दाबलं.

"मेलं किती वेळा पुन्हा पुन्हा करतंय!"

भावोजींनी जन्मभर बस चालवलेली. गिअर टाकून टाकून हात असा जड झालेला, की त्यांनी कुणाच्या दाराची घंटा दाबली तर शेजारचेही बाहेर यायचे. त्यांनी स्टूल ओढलं, तिच्या उजवीकडे बसले आणि तिच्या मुठीवर आपला पंजा ठेवून दिला दाबून.

"अहो, मोडेल!"

"काय? यंत्र का हात?"

"दोन्ही!"

यंत्राने मात्र मुकाट्याने मान्य केलं. खरं तर जोराची मर्यादा खाली आणायला हवी होती. पण कितीतरी दिवसांनी दोघं हसत होती, आणि मी दमलो होतो. म्हटलं, "झालं तर. आता बसा असेच हात धरून."

आणि बसलेच की हो! रोज दुपारी भावोजी स्टुलावर. दिशा तिची, वजन त्यांचं. मुळे, भोपळे पुन्हा पाकिटांवर डोलायला लागले.

हिवाळ्यात भावोजी गेले. दुपारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले, ते उठलेच नाहीत.

भेटायला येणारी माणसं ओसरल्यावर मी आक्काला फोन केला. "यंत्र दुकानात आणतो. तुझ्या एकटीच्या हाताचा दाब बसवून देतो."

"नको. चालतंय."

"कसं चालेल? तुझ्या एकटीच्या जोरावर ते ठिपकासुद्धा उमटवणार नाही."

"चालतंय म्हटलं ना." फोन बंद.

दुसऱ्याच दिवशी दुपारी गेलो. आक्का मुळ्याचं पान काढत होती. उजवीकडे स्टूल, रिकामं, अगदी खेटून. पडद्यावरची शीर देठाशी भरदार होती. मला इतका आनंद झाला! "अगं, हात बरा झाला तुझा!"

"पाण्याचा पेला उचलवत नाही," ती म्हणाली.

तेव्हा मी तो हात पाहिला. पाठीवर चार जांभळे पट्टे. अंगठ्याकडे एक रुंद डाग. सांधे सुजलेले.

"हे काय?"

"जास्त दाबतात. त्यांना कधी अंदाज होता?" आणि मान न वळवता, उजवीकडे, "अहो, सावकाश जरा."

मी इतरांना थापा मारतो, स्वतःला नाही. औषधांनी रक्त पातळ होतं, साध्या धक्क्याने डाग पडतात. दुःखात माणूस बोलतंही एकटंच. मी यंत्राचं चाचणीचं पान उघडलं. त्यावर एक पट्टी असते, दाबाबरोबर भरत जाते.

"दाब बघू."

पट्टी जेमतेम हलली. तिचा जोर तेवढाच होता. मी मान डोलावली.

मग पट्टी भरायला लागली. पूर्ण भरली. पेनाचं टोक पापुद्र्यात रुतलं, काच कुरकुरली. आक्काच्या हाताची पाठ माझ्या डोळ्यांदेखत चपटी झाली.



मी पेन ओढून घेतलं. "आक्का, हात जाईल तुझा. मग आयुष्यात रेघ नाही."

"पुसलंस, तर ते कुठे जातील?"

मी तिचा सुजलेला हात उचलून तिच्याच पुढ्यात धरला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. "दमलेय रे," ती म्हणाली. "पूस."

जुना दाब पुसला. मर्यादा खाली आणली. फुल्या झाल्या. हलकं दाबा. जोरात दाबा. तिने जीव एकवटून दाबलं. यंत्राने मान्य केलं.

तिने एक पान काढलं. शीर बारीक, कापरी, पण तिची एकटीची.

मी मुद्दाम त्या स्टुलावर बसलो. काही झालं नाही. लाकूड होतं, गार होतं.

"बघ. सुटला हात."

"हो." तिने पेन ठेवलं, मान मागे टाकली, डोळे मिटले. डावा हात टेबलावर पालथा पडला होता.

मी वायर गुंडाळत होतो. वर पाहिलं, तर त्या डाव्या हाताची नखं पांढरी पडत होती. करंगळीपासून, एकेक.

हाताच्या पाठीवरची कातडी खाली जात होती. या खेपेला अगदी जपून.

आक्काने डोळे उघडले नाहीत. तिने तळवा उताणा केला आणि बोटं जराशी फाकवून जागा करून दिली.